जोसेफच्या भिंतीवरची हिरा

आमच्या हिराचा धड एक फोटो घरात नाही. आहे तो आधार कार्डावरचा, आणि त्यात ती चोरी करताना पकडून ठाण्यात बसवल्यासारखी दिसते. संजूनं, माझ्या पोरानं, तोच मोठा करून आणला. म्हणाला, "बाबा, आईच्या वर्षश्राद्धाला हाच लावू." मी म्हणालो, "हा लावणार असशील तर त्या दिवशी मला गोठ्यात बसव." तो चिडला. चिडू दे. मी तर ती गेल्यापासून चिडलेलोच आहे. चहा गार मिळाला की चिडतो, गरम मिळाला तरी चिडतो. सूनबाई विचारते, बाबा, तुम्ही रागावलाय कुणावर? आता नाव कुणाचं सांगू?

हिरा कॅमेरा दिसला की चुलीवर काहीतरी करपतंय म्हणून आत पळायची. आमच्या लग्नात फोटोवाला ठरवला होता, तो आलाच नाही. त्याच मुहूर्ताला त्याला कुणा बड्याचं लग्न मिळालं. संजूच्या लग्नाच्या फोटोंत तिचा पदर आहे, खांदा आहे, एका फोटोत नुसता हात आहे, लाडवाचं ताट धरलेला. तोंड कुठंच नाही.

धड तोंड आहे ते एकाच फोटोत. तरणीताठी, नाकात नथ, तोंड उघडं, काहीतरी बोलतेय. तो फोटो देवळाली कॅम्पात जोसेफच्या भिंतीवर आहे. आणि त्यात ती जोसेफला ओवाळतेय. मला नाही.

ती त्याला काय सांगत होती, हे मी तिला जन्मभर विचारलं. तिनं सांगितलं नाही. आता विचारायची सोयही राहिली नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी काठी घेतली आणि कॅम्पाची बस धरली. म्हटलं, फोटो मागू, आणि विचारून टाकू एकदाचं.

बस कसली, डबा. खिडक्यांच्या काचा उघडत नाहीत आणि ज्या उघडतात त्या बंद होत नाहीत. हा रस्ता माझ्या मांड्यांना पाठ आहे. आमच्या पळशाहून सायकलवर निघायचं, मागं दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, पुढं हँडलला किटल्या. आधी नाशिक रोडच्या कॉलन्या. नोटांच्या प्रेसमधली माणसं अंघोळी करून, कपाळाला गंध लावून दारात भांडी घेऊन उभी. त्यांच्या घराघरांतून एकाच जातीच्या साबणाचा वास यायचा. मग कॅम्प. थंडीत हँडलवर बोटं अशी आखडायची की माप सोडताना एकेक बोट उलगडावं लागायचं. दुधाच्या फेसाला कडब्याचा वास, माझ्या शर्टाला दुधाचा वास, आणि रस्त्याला लष्करी गाड्यांच्या डिझेलचा. लांब तोफांचा सराव सुरू झाला की कॅनची झाकणं आपोआप किणकिणायची. सायकल उभी असली तरी. मला वाटायचं दूधच घाबरतंय.

आता ती झाडं नाहीत. जिथं मी चढावर उतरून पाणी प्यायचो तिथं मोबाइलचं दुकान आहे. असो. कुणाला सांगायचं.

त्याच चढावर मी जोसेफला पहिल्यांदा पाहिला. पाहिला म्हणजे पाठ पाहिली. मी दुधासकट धापा टाकतोय आणि बाजूनं एक काटकुळा काळासावळा माणूस गेला, जशी देवळातून पाकोळी जाते. टायर बोटाएवढे. हँडल बोकडाच्या शिंगासारखं वाकडं. तो केरळकडचा, तोफखान्यात होता. तिथून सुटल्यावर एका सायकल कंपनीनं त्याला पगारावर ठेवला. काम काय, तर सायकल चालवायची आणि शर्यती जिंकायच्या. मी घरी येऊन हिराला सांगितलं, तर ती म्हणाली, "अन् घरी कोन काम करतं त्याच्या?" मी म्हणालो, "अगं, हेच काम." ती म्हशीकडं बघून हसली. म्हशीलाही पटलं नसणार.

दुष्काळ सरल्यानंतरची वर्षं ती. आपल्या जिल्ह्यात तेव्हा थंडीत तीन दिवसांची सायकल शर्यत व्हायची, संक्रांत आणि रथसप्तमीच्या मध्ये. पहिल्या दिवशी नाशिक ते येवला. दुसऱ्या दिवशी मनमाडवरून मालेगाव. तिसऱ्या दिवशी राहूडचा घाट चढून चांदवड, पिंपळगाव करत परत नाशिक. तिन्ही दिवसांचा वेळ एकत्र करून नंबर काढायचे. लांबलांबचे पगारी सायकलवाले यायचे आणि जिल्ह्यातल्या कुणालाही नाव देता यायचं. म्हणून मी. चौथी शिकलेला दूधवाला. सायकलीचं मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी सगळं उतरवायचो. ती बिचारी लग्नात दागिने उतरवून घेतलेल्या पोरीसारखी दिसायची.

जिंकायचा जोसेफ. दर वर्षी जोसेफ. पहिला दिवस त्याचा, दुसरा त्याचा, घाट तर त्याच्या बापाचा. पेपरवाले शर्यत संपायच्या आधीच त्याचं नाव लिहून ठेवत असतील. मालेगावच्या बाजूला रस्त्याकडंची माणसं आम्हाला विचारायची, "भाऊ, कितला मांगे शे तू?" किती मागं आहे, हे मलाच कुठं माहीत! आणि माणूस असा की त्याचा राग करायचीही सोय नाही. कधी गर्व नाही, कधी तिरकं बोलणं नाही. पुढं जाताना पाठीवर हात ठेवून जायचा. त्या हाताची मला सगळ्यात जास्त चीड यायची.

मला शर्यत जिंकायची नव्हती. एवढी अक्कल मला होती. मला पाहिजे होतं ते एकच. हिराचं माहेर विंचूरच्या पुढं, येवल्याच्या अलीकडं, रस्त्याला चिकटून. त्या वेशीवर मला एकदा पहिलं पोचायचं होतं. त्याच्या पुढं शर्यत गेली खड्ड्यात. पगारी लोक पहिल्या दिवशी अंग राखून चालवायचे, त्यांच्या डोळ्यांपुढं घाट असायचा. मी मात्र जीव खाऊन पळायचो. त्यांना सोडून पुढं निघायचो. पुढं एकटा जोसेफ.

कारण वेशीवर हिरा उभी असायची. पहिल्या वर्षी शर्यत गावावरून जाणार कळल्यावर माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, ठरवलं की वेशीत जो पहिला येईल त्याला पाटावर उभा करून ओवाळायचा. सणाचे दिवस, रिकामा कसा जाऊ द्यायचा? आणि ताट हिराच्या हातात द्यायचं, कारण जावई शर्यतीत आहे. म्हणजे जावईच पहिला येणार, ह्यात कुणाला शंकाच नव्हती! रांगोळी काढली, पाट मांडला, ताम्हणात कुंकू, अक्षता, सुपारी, तिळगूळ, निरांजन. पिपाणीवाला बोलावला. लांब धुरळ्यात सायकल दिसली तशी हिरानं वात पेटवली. आणि आला जोसेफ.

पिपाणीवाल्यानं अर्ध्यातच तोंडातली पिपाणी काढली. हिरा ताट घेऊन उभी, बापाकडं बघतेय. मामा म्हणाले, "पेटलेलं निरांजन माघारी न्यायचं नसतं. जावई घरचा हाय, पहिला आला तो पाव्हणा." आणि त्या जोसेफनं काय करावं? त्याला वाटलं इथं असंच असतं. तो उतरला. खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, अनवाणी पाटावर उभा राहिला. उघड्या डोक्यानं ओवाळून घेत नाहीत म्हणून मामांनी स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. हिरानं ओवाळलं. मग त्यानं टोपी परत केली, पुन्हा खाली बसून बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि गेला. आणि तरी जिंकला. मी पोचलो तेव्हा बायका पाट उचलत होत्या.

हे मला मेव्हण्यानं, शिवानं, सांगितलं. पुढं दर वर्षी सांगायला तो रस्त्यात उभाच असायचा. "दाजी, ताट अजून गरम हाय, निरांजन तेवढं इझलं बघा." किंवा, "दाजी, म्हशीवर बसून आला का?"

पुढच्या वर्षी मी म्हणालो, ताट दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. मामा म्हणाले, "नाय जमायचं. गेल्या साली हिराच्या हातानं झालं अन् कांदा लय चांगला निघाला. हात पालटला तर गावाला लागतं." झालं. म्हणजे माझ्या बायकोनं दर वर्षी जोसेफला ओवाळायचं हे आता कांद्यासाठी ठरून गेलं. गावात सगळे त्याला जोशी म्हणायला लागले, जोसेफ त्यांच्या तोंडात बसेना. "जोशी आले, जोशी आले" म्हणून पोरं ओरडायची. मी दिसलो की कुणी ओरडायचं नाही. "जावई आले" एवढं म्हणून घरात पाणी ठेवायला सांगायचे.

आणि माझं नशीब तर विचारू नका. विंचूर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळी. दर वर्षी तिथं माझं चाक फुटायचं. दर वर्षी. दुधाच्या फेऱ्यांना कधी नाही ते नेमकं तिथं. मी काटा शोधत बसलेलो, दातांत पंपाची रबरी नळी धरलेली, बोटांना सोल्युशनचा वास, आणि वाऱ्यावर वेशीकडून पिपाणी ऐकू यायची. तिकडं ओवाळणं चाललंय. ती पिपाणी मला अजून कधी कुठल्या लग्नात ऐकू आली तर तोंडात रबराची चव येते.

पण काय रस्ता होता तो. चांदोरीला नदीची ओल अंगाला लागायची, स्वेटरच्या आतपर्यंत. निफाडला गुऱ्हाळांचा धूर, काकवीचा वास, त्या वासानंच पोट भरायचं आणि त्या वासानंच भूक लागायची. द्राक्षबागांत मोरचुदाची फवारणी, पानं निळसर झालेली. मग कांद्याची लागवड, वाफ्यांत वाकलेल्या बायका, रोपांचा तो ओला तिखट वास. त्या कंबर सरळ करून बघायच्या आणि ओरडायच्या, "पळ रं, पळ, तो गेला कवाच!" येवल्यात संध्याकाळी आम्ही एका विणकराच्या पडवीत पडायचो. आत हातमाग चालू, खटाक खट, खटाक खट. मांड्या ठणकत असायच्या आणि माग त्याच ठेक्यात चालायचा. जोसेफ शेजारी घोरायचा. कपाळावर माझ्या बायकोनं लावलेलं कुंकू तसंच.

आता कुणी म्हणेल, अरे म्हाताऱ्या, पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळतेच की. ओवाळायची ना. दर पाडव्याला ओवाळलं. पण ते घरातलं. घरात शर्यतीत मी एकटाच. पहिला आलो काय आणि शेवटचा आलो काय.

शर्यत आटोपून घरी आलो की मी तिला विचारायचो, "ओवाळताना त्याला काय म्हणतेस तू? शिवा सांगत होता, तुझे ओठ हलतात." ती म्हणायची, "पाव्हण्याला काय म्हन्त्यात? आशीर्वाद देते." माझं डोकं फिरायचं. "तू आशीर्वाद देतेस म्हणून तो जिंकतो!" मग ती पदर तोंडाला लावून आत जायची. खांदे हलताना दिसायचे. मला वाटायचं रडतेय, म्हणून मी गोठ्यात जाऊन बसायचो. बाई अशी की दूध सांडणाऱ्या मांजरीलाही "बाई" म्हणणारी. कुणाला अरे म्हटलं नाही कधी. दिवा हातात असताना वाईट बोलू नये, वाईट मनातही आणू नये, हे मला तिनंच शिकवलेलं. तिन्हीसांजेला ती दिवा लावत असली की मला म्हशीला शिवी द्यायचीही चोरी.

आणि मग ते वर्ष आलं. फोटोचं. शर्यतीच्या आधी हिरा माहेरी गेली ती काहीतरी ठरवूनच. मला सांगितलं नाही. त्या वर्षी माझं चाक बाभळीत फुटलं नाही, हाच मोठा चमत्कार. वळण घेतलं आणि बघतो तर वेशीत ही गर्दी. जोसेफ पाटावर उभा, डोक्यावर टोपी, आणि अख्ख्या गावच्या बायकांनी त्याला घेरलेला. एक हळदीकुंकू लावतेय, दुसरी ऊस पुढं करतेय, तिसरी तोंडात तिळगूळ कोंबतेय, चौथी म्हणतेय, "नाव घेतल्याबगर सोडायचं नाय!" त्याला काही कळत नव्हतं. त्या एकेक शब्द सांगत होत्या आणि तो बोबड्या पोरासारखा मागून म्हणत होता,

"देवळालीच्या दुकानात मिळतो गोड खाऊ,
मेरीचं नाव घेतो, आता तरी मला जाऊ."

"द्या राहिलं, द्या राहिलं! पुन्हा पहिल्यापासून!" बायका ओरडल्या.

आणि मधोमध हिरा. ताम्हण फिरवतेय, फिरवतेय, थांबतच नाही. तिनं मला पाहिलं. डोळ्यांनीच म्हणाली, पळा. वेस तर जोसेफनं आधीच ओलांडली होती, ताट त्याचंच होतं. पण पुढं येवल्यापर्यंत मोकळा रस्ता होता. मी पळालो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पुढं कुणी नव्हतं. रस्ता इतका रिकामा असतो हे मला माहीतच नव्हतं. वाऱ्यालाही वास वेगळा. वाटलं, येवल्यात पहिला पोचतो, मग माघारी येऊन म्हणेन, काढ ताट.

येवल्याची घरं दिसायला लागली आणि मागून टिकटिक ऐकू आली. फ्रीव्हीलची टिकटिक. मी मागं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. बाजूला आला तेव्हा डोक्यावर मामांची टोपी तशीच, कपाळभर हळदीकुंकू, आणि गाल फुगलेला. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "भाभी का लड्डू बहुत कडक है भाई." आणि गेला. टोपीसकट जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. वेशीतला फोटो कुणा पेपरवाल्यानं काढला होता, त्याची एक प्रत जोसेफला मिळाली, एक हिराच्या माहेरच्या तालमीत लागली. तालमीतली पुढं वाळवीनं खाल्ली. माझ्याच वाटणीची बरी खाल्ली.

मग काही वर्षांनी शर्यत बंद पडली. रस्त्यावर ट्रक वाढले. जोसेफचे गुडघे गेले. शेवटची शर्यतही त्यानंच जिंकली, हे सांगायला नको. ती वेस आता नाही. हमरस्ता रुंद केला तेव्हा गेली. पाट मांडायचे ती जागा डांबराखाली आहे. तिथून गाड्या अशा जातात की ओवाळायचं सोडा, माणूस ओळखू येत नाही. आणि हिराही गेली. त्याच्याविषयी मी लिहिणार नाही.

जोसेफचं दार त्याच्या पोरीनं, लिलीनं उघडलं. ती शाळेत शिकवते, मराठी तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं. जोसेफ खुर्चीत, पुढं वॉकर. डोक्यावर एक केस नाही. मला बघून म्हणाला, "अरे, दूधवाला! जिवंत आहेस?"

"तू गेल्याशिवाय कसा जाऊ? तुझा नंबर पहिला ना."

हसला. मग बराच वेळ हात धरून बसला. वहिनीचं ऐकलं, म्हणाला. मी मान हलवली. समोर भिंतीवर ती. ती बघत होती ताटाकडं, तोंड उघडं. मी चहाही घेतला नाही, एकदम विचारलं, "ती तुला काय म्हणायची?"

"कोण?"

"ती. भिंतीवरची."

बापलेकींनी एकमेकांकडं बघितलं. लिली म्हणाली, "पप्पा, नको हं."

"तिनं तुला कधी सांगितलं नाही?" जोसेफ म्हणाला.

"सांगितलं असतं तर त्या डबा बसनं आलो असतो का?"

"आशीर्वाद द्यायची," तो म्हणाला. "दर वर्षी तोच. मला मराठी कुठं येत होती तेव्हा? पाणी, भाकरी, थांबा, बस. पण ऐकून ऐकून पाठ झाला." तो खुर्चीत सरळ बसला. दोन्ही हातांत ताट धरल्यासारखं केलं, हळूहळू फिरवलं, आणि त्या केरळी जिभेवरून हिराचा सूर निघाला, तिचा हळू, गोड, देवापुढचा सूर:

"मेल्या, तुझं चाक फुटो. बाभळीत जाऊन पडो. उठशील तर पुन्हा फुटो."

मी भिंतीवरच्या तिच्या उघड्या तोंडाकडं बघितलं.

"इतकं गोड म्हणायची," जोसेफ म्हणाला, "मी घरी पोरांना तोच द्यायचो. ताप आला, परीक्षा आली, की डोक्यावर हात ठेवून हाच."

लिलीनं कपाळाला हात लावला. "काका, दहावीच्या पहिल्या पेपराला शाळेच्या फाटकात, सगळ्या मैत्रिणींसमोर, ह्यांनी मोठ्यानं म्हटलं. मला अर्थ कधीचाच कळत होता. पण पप्पांना सांगायचा धीर होईना."

"मग कळलं कसं?"

"भाजीवालीच्या पोराला नोकरी लागली," जोसेफ म्हणाला. "मी प्रेमानं दिला आशीर्वाद. तिनं मला काकडी फेकून मारली. त्या दिवशी मला मराठी आली."

मला आधी रागच आला. तिचा. इतकी वर्षं मी गोठ्यात जाऊन बसलो, ही आत पदर तोंडात कोंबून हसत होती! मांजरीला बाई म्हणणारी, आणि हातात पेटलं निरांजन धरून अख्ख्या गावासमोर पाहुण्याला शिव्या घालत होती. माझ्यासाठी. तिच्या देवाला काय वाटलं असेल?

"पण माझं चाक कधी फुटलं नाही बघ," जोसेफ म्हणाला.

"माझं फुटायचं."

"कधी?"

"तेव्हाच. ती तुला ओवाळायची तेव्हाच. देवानं ऐकलं, फक्त सायकल कुठली ते बघितलं नाही."

मग आम्ही हसलो. दोघं म्हातारे इतके हसलो की लिली पाणी घेऊन आली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मी काठी घेऊन उठलो, चप्पल घालायला लागलो. जोसेफ म्हणाला, "अरे, घाई काय?" मी म्हणणार होतो की घरी जातो, तिला सांगतो की पकडली तुला. एक चप्पल पायात, एक हातात. तसाच उभा राहिलो.

जोसेफला कळलं असावं. त्यानं लिलीला फोटो खाली उतरवायला सांगितला. भिंतीवर मागं चौकोनी पांढरा डाग राहिला. म्हणाला, "कॉपी काढ आणि परत आण. भिंत बोडकी दिसते."

संजू मला नाशिक रोडला स्टुडिओत घेऊन गेला. तिथं कॉम्प्युटरपुढं एक झिपऱ्या बसलेला. म्हणाला, "आजींना ठेवतो, ह्या टोपीवाल्यांना उडवतो." आणि उडवला. टिचकीसरशी. आयुष्यभर जो माझ्यानं हलला नाही तो त्यानं बोटानं उडवला. हिरा एका गुलाबी पडद्याला ओवाळत राहिली, तोंड उघडं, वेड लागल्यासारखी. मी म्हणालो, हे काय दिसतंय? तो म्हणाला, "मग बाबा, तुमचा तरुणपणीचा फोटो द्या. त्यांच्या जागी बसवतो, कुणाला कळणारसुद्धा नाही."

संजू खूश. "बघा बाबा, शेवटी तुम्ही पहिले!"

मी त्या पडद्याकडं बघत बसलो. खरं सांगतो, मोह झाला. पाटावर मी, डोक्यावर मामांची टोपी. पण मग तिच्या तोंडाकडं बघितलं.

"परत घाल त्याला," मी म्हणालो.

"कुणाला?"

"टोपीवाल्याला. तो नसला तर ती शिव्या कुणाला देईल?"

पोरगं संजूकडं बघायला लागलं. संजू म्हणाला, "घाला हो, बाबा म्हणतात तसं."

वर्षश्राद्धाला तोच फोटो लावला. पळशाची माणसं येत होती, नमस्कार करत होती आणि चाचरत विचारत होती, हे टोपीतले कोण? मी सांगत होतो, जोशी. जोसेफ लिलीबरोबर आला होता, वॉकर पुढं घेऊन पहिल्याच खुर्चीत बसलेला. मग शिवा आला, माझा मेव्हणा. तोही आता काठीवर. त्यानं येवल्याहून झेंडूचा भला मोठा हार आणला होता. घातला फोटोला. हार मोठा, फ्रेम लहान. पडला तो दोघांच्या गळ्यात मिळून पडला, हिराच्या आणि जोसेफच्या.

शिवानं बघितलं, जोसेफकडं बघितलं, मग माझ्याकडं. एवढी माणसं बसलेली, पण त्याची जीभ थांबली नाही. "दाजी," म्हणाला, "हितं बी तोच पहिला की हो!"

संजू धावला हार सरकवायला. मी म्हणालो, राहू दे. जोसेफजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "ऐक. आता फुशारकी मारू नको. पुढची वेस एकच राहिली. ती तिथं ताट घेऊन उभी असणार, आणि ह्या खेपेला मी पहिला पोचणार. तू मधे यायचं नाही."

जोसेफनं वॉकरवरचा हात उचलला, पूर्वी पाठीवर ठेवायचा तो, माझ्या डोक्यावर ठेवला. आणि हळू, गोड, तिच्याच सुरात म्हणाला,

"मेल्या, तुझं चाक फुटो."